शरणपूरची मुलं : हिंदी महासागरातला बालव्यापार आणि ‘सुटके’चा इतिहास

संयोजकांनी मला ‘गुलामगिरी आणि महाराष्ट्र’ असा विषय सुचवला होता. तो फार मोठा आहे, एका संध्याकाळीत मावणार नाही. म्हणून मी त्यातला एक लहान तुकडा घेतो. लहान दोन्ही अर्थांनी, कारण आज आपण मुलांविषयी बोलणार आहोत.

नाशिककर इथे बरेच दिसतात. तुम्हाला शरणपूर रोड सांगायला नको. कॅनडा कॉर्नर, दुकानं, दवाखाने, क्लासेस, सगळं त्याच रस्त्यावर. आपण रोज तिथून जातो, पण ‘शरणपूर’ म्हणजे काय, कोण कुणाला शरण आलं होतं, असा प्रश्न सहसा पडत नाही. मलाही फार वर्षं पडला नव्हता. या नावाच्या मागे जी वस्ती होती, तिच्या इतिहासात आफ्रिकेतून पळवलेल्या, विकलेल्या आणि समुद्रात जहाजांवरून सोडवलेल्या मुलांचा एक अध्याय आहे. त्यांतली काही मुलं इथून परत आफ्रिकेत गेली आणि एका जगप्रसिद्ध घटनेत त्यांचा हात होता. ते पुढे सांगतो.

आधी आपल्या ओळखीच्या माणसापासून सुरुवात करू. मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात तो आपल्याला भेटतो तो निजामशाहीचा वजीर म्हणून, गनिमी कावा वापरणारा सेनानी म्हणून, जमीनमहसुलाची घडी बसवणारा कारभारी म्हणून. खडकी शहर त्याने वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. हे सगळं खरं आहे. पण १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या त्या मुलाचं नाव चापू होतं. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचं मोखा बंदर, मग बगदाद, तिथून दख्खन असा त्याचा प्रवास झाला. मालक बदलत गेले. ‘अंबर’ हे नाव त्याला एका मालकाने दिलं. दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं चंगीझखान या निजामशाहीच्या पेशव्याने, आणि तोही मूळचा हबशी गुलामच होता.

मी हे मुद्दाम सांगतो. ज्याला आपण आज ‘मुलांचा व्यापार’ म्हणतो, त्यातून आलेला एक मुलगा महाराष्ट्राच्या इतिहासात इतका मोठा झाला की त्याचं मूल असणंच आपण विसरलो. मलिक अंबर हा अपवाद होता. त्याच्यासारख्या एकाचं नाव राहिलं, बाकीच्या हजारोंचं राहिलं नाही.

आणि हे फक्त बाहेरून येत होतं असंही समजू नका. पेशवाईच्या काळात कुणबिणी होत्या. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी दप्तरांत आहेत, किंमतीसकट. त्यांत लहान मुलीही आहेत. दुष्काळ पडला की पोटच्या पोरांना विकण्याची वेळ येई. तेव्हा ‘गुलामगिरी ही त्यांची, आपल्याकडे नव्हती’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. हिंदी महासागराच्या व्यापाराचं केंद्र तेव्हा झांझिबार बेट होतं. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपलं बस्तान मस्कतहून झांझिबारला हलवलं. बेटावर लवंगेचे मळे उभे राहिले. मळ्यांना माणसं हवी होती. शिवाय इराणी आखाताच्या काठी खजुराच्या बागा होत्या, मोती काढण्याचा धंदा होता, श्रीमंतांच्या घरी नोकर हवे होते. ही मागणी भागवायला आफ्रिकेच्या आतल्या भागातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून, माणसांचे तांडे किनाऱ्यावर आणले जात. किल्वा हे त्यातलं मुख्य बंदर. १८६० च्या दशकातल्या पाच वर्षांत एकट्या किल्व्यातून सुमारे ९७ हजार माणसं बाहेर गेली, असा आकडा ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे १८७१ मध्ये ठेवला गेला होता. हे जिवंत पोहोचलेले. वाटेत मेलेल्यांची जकात भरावी लागत नसे, म्हणून त्यांची नोंदही नाही.

या व्यापारात मुलं फार मोठ्या संख्येने होती. का? कारणं अगदी व्यवहारी आहेत, ऐकायला त्रास होईल, पण ऐकून घ्या. मूल स्वस्त मिळतं. मूल कमी खातं आणि गलबतात कमी जागा घेतं. मूल पळून जात नाही, कारण पळून कुठे जायचं हे त्याला ठाऊक नसतं. मुलाला नवी भाषा, नवा धर्म, नवं नाव चटकन देता येतं. आणि मूल आपलं गाव विसरतं. दोन-चार वर्षांत आईचं नाव सोडून बाकी सगळं पुसलं जातं, कधी कधी तेही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण! मोठ्या माणसाला बेड्या घालाव्या लागतात. मुलाच्या बाबतीत विसरणं हीच बेडी होते.

ही मुलं विकायला कोण आणत होतं? इथेही चित्र सरळ नाही. काही मुलं गावांवरच्या छाप्यांत पकडली गेली. काही कर्जात गेली. काहींना दुष्काळात नातेवाइकांनीच धान्याच्या बदल्यात दिलं. अरब आणि स्वाहिली व्यापारी होते, आफ्रिकी सरदार होते, आणि या सगळ्या गाड्याला वंगण घालणारं भांडवल बऱ्याच अंशी हिंदी होतं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालावर जकात होती, आणि गुलाम हाही माल होता. तांड्यांना उधारीवर कापड, मणी आणि दारूगोळा पुरवणारे व्यापारी कच्छी होते. त्यांतले बरेचजण स्वतः गुलामांना हातही लावत नव्हते. ते फक्त हिशेब लिहीत होते. आजच्या बालव्यापारातही असा वर्ग असतो. मुलाला पळवणारा वेगळा, पैसा फिरवणारा वेगळा, आणि दुसऱ्याला कधीच वाटत नाही की आपण गुन्हा केला.

कायदा काय करत होता? ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने इथल्या न्यायालयांत गुलामीला मान्यता द्यायची नाही असं ठरवलं. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७० आलं, माणसाला गुलाम म्हणून आणणं, नेणं, विकत घेणं, विकणं हा गुन्हा ठरला. वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलीला विकणं आणि विकत घेणं यासाठी ३७२ आणि ३७३ ही वेगळी कलमं होती.

समुद्रावर मात्र तह होते आणि तहांत फटी होत्या. १८२२ चा तह, मग १८४५ चा तह. १८४५ च्या तहाने सुलतानाच्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम नेण्यावर बंदी घातली. पण मुलखाच्या आत, म्हणजे किल्वा ते झांझिबार, झांझिबार ते लामू, ने-आण चालू ठेवायला परवानगी होती. आता तुम्हीच सांगा, गलबत झांझिबारहून उत्तरेला लामूपर्यंत कायदेशीर गेलं, तर पुढे अरबस्तानच्या किनाऱ्याला लागायला त्याला कोण अडवणार? वाऱ्याची दिशाही तीच असे. फट कायद्यात होती आणि व्यापार त्या फटीतून चालला, थेट १८७३ पर्यंत.

ब्रिटिश आरमाराची काही जहाजं या गलबतांचा पाठलाग करत. गलबत पकडलं की त्यावरचे गुलाम मुक्त म्हणून जाहीर होत. पकडणाऱ्या जहाजावरच्या लोकांना सरकारकडून बक्षीस मिळे, सोडवलेल्या माणसांच्या डोक्यांनुसार किंवा गलबताच्या आकारमानानुसार. त्यासाठी रीतसर न्यायालयात प्रकरण चाले, मोजणी होई, कागद होत. म्हणजे बाजारातही मुलाची डोई मोजली जाई आणि सुटकेतही. खलाशी वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी गलबतांच्या तळाशी जे पाहिलं, त्याची वर्णनं त्यांनी लिहून ठेवली आहेत आणि ती लिहिताना त्यांचा संताप लपत नाही. पण मूल सोडवून झाल्यावर त्याचं पुढे काय, याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हतं.

परत गावी पाठवायचं? गाव कुठलं ते मुलाला सांगता येत नाही. सांगता आलं तरी ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, वाट त्याच व्यापाऱ्यांच्या ताब्यात. किनाऱ्यावर सोडलं तर आठवड्याभरात पुन्हा विकलं जाणार. म्हणून ही माणसं एडनला, सेशेल्सला, मॉरिशसला आणि मुंबईला उतरवली गेली. मुंबईत त्यांची जबाबदारी पोलिसांकडे होती. पोलीस त्यांना सांभाळायला तयार असलेल्या घरांत ठेवत, मिशनऱ्यांकडे देत, मोठ्या मुलांना जहाजांवर काम मिळे. १८६४ च्या मुंबईच्या जनगणनेत दोन हजारांच्या आसपास आफ्रिकी माणसं मोजली गेली आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त समुद्राशी निगडित कामांत. घरांत ठेवलेल्या मुलामुलींचं काय झालं? ज्या घरात मूल ‘सांभाळायला’ दिलं, तिथे ते लेकरू होतं की मोलकरीण, हे तपासायला कुणी जात होतं का? कागद याबद्दल फार बोलत नाहीत. आणि आपल्यालाही हे अगदी अनोळखी नाही. ‘गावाकडची पोरगी आणलीय, घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे.

आता शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. विल्यम साल्टर प्राइस हा मिशनरी तिचा मुख्य माणूस. मुंबईत कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याने आफ्रिकी मुलांना हाताशी धरलं होतं. १८६० च्या सुमारास ती मुलं शरणपूरला आली आणि तिथे ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झालं. मुलांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकवलं जाई. मुलींना शिवणकाम, स्वयंपाक, घरकाम. वर्गात बायबल, लिहिणं-वाचणं, गणित, भूगोल. न्यासा सरोवराकाठचं मूल गोदावरीकाठी बसून नकाशावर आफ्रिका शिकत होतं, याची कल्पना करून पाहा.

त्यांना नावं नवी मिळाली. बायबलमधलं नाव, पुढे एखाद्या मिशनऱ्याचं किंवा देणगीदाराचं आडनाव. सायमन प्राइस. रिचर्ड आयझेनबर्ग. जेकब वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन. चापूचा अंबर झाला होता, तसंच हे. मालकाने दिलेलं नाव आणि सोडवणाऱ्याने दिलेलं नाव यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण आईने दिलेलं नाव दोन्हीकडे गेलं.

आणि मुली? मुलांची नावं तरी आपल्याला काही सापडतात, प्रवासवर्णनांत, पत्रांत. मुली फार कमी सापडतात. त्या येतात त्या बहुतेक कुणाची तरी बायको म्हणून. शरणपूरच्या मुलामुलींची लग्नं आपसांत लावली जात. त्यात त्यांना कितपत विचारलं गेलं, हे कागदांवरून उमगत नाही.

आता डेव्हिड लिव्हिंग्स्टन या गोष्टीत येतो. तो १८६४ च्या जूनमध्ये ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. बोटीवर दोन आफ्रिकी मुलगे होते, चुमा आणि विकातानी. १८६१ मध्ये शिरे नदीच्या वरच्या मुलखात गुलामांचा एक तांडा त्याने आणि बिशप मॅकेंझीने अडवला होता, त्यातून सुटलेले. मुंबईत ही मुलं त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवली. होय, तेच विल्सन, ज्यांचं नाव आज गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजला आहे. चुमाचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला.

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेसाठी पुन्हा मुंबईत आला आणि त्याने शरणपूरच्या मुलांमधून माणसं मागितली. नऊजण गेले. इंग्रजी कागदांत त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हणतात. १८६६ च्या जानेवारीत मोहीम मुंबईहून निघाली. म्हणजे ज्या मुलांना आफ्रिकेतून काढून समुद्रापार आणलं होतं, ती दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा त्याच मुलखात चालली होती, या वेळी एका गोऱ्या प्रवाशाचं सामान घेऊन.

आणि इथे दोन प्रसंग घडले. माझ्या दृष्टीने या सगळ्या व्याख्यानाचा गाभा तेच आहेत. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ते आहेत, एकेका परिच्छेदात आटोपलेले.

पहिला प्रसंग अब्राहम नावाच्या नाशिकच्या मुलाचा. न्यासा सरोवराच्या वाटेवर एका गावात त्याला त्याचा काका भेटला. इतक्या वर्षांनी रक्ताचं माणूस! काकाने सांगितलं, तू गेल्यावर तुझी आई आणि दोन बहिणी यांनाही विकलं. काका म्हणाला, आता इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही त्याला राहा म्हणून आग्रह केला. अब्राहम राहिला नाही. आई नाही, बहिणी नाहीत, मग इथे कुणासाठी राहायचं, असं त्याचं म्हणणं पडलं. तो पुढे चालू लागला.

दुसरा प्रसंग विकातानीचा. त्यालाही वाटेत भाऊ भेटला. भावाकडून कळलं की बाप वारला. हा तोच बाप, ज्याने विकातानीला विकलं होतं. पण भाऊ-बहिणी जवळच्याच गावात आहेत. विकातानीने थांबायचं ठरवलं. लिव्हिंग्स्टनने त्याला जाऊ दिलं.

एकाच वर्षात, एकाच मुलखात दोन मुलांनी दोन उलट निर्णय घेतले. ज्याला घरच्यांनी विकलं नव्हतं, तो परतला नाही. ज्याला बापाने विकलं होतं, तो परतला. आपण बाहेरून ठरवायला गेलो असतो, तर बहुधा दोघांच्याही बाबतीत चुकलो असतो. आपण म्हटलं असतं, अब्राहमला काकाच्या हवाली करा, तो निर्दोष आहे. विकातानीला मात्र त्या घरी पाठवू नका, त्यांनीच तर विकलं. त्या दोघांना मात्र आपापलं घर कुठे आहे आणि कुठे उरलेलं नाही, हे ठाऊक होतं. आणि त्या क्षणी त्यांना विचारलं गेलं. त्यांच्या आयुष्यात तोपर्यंत असं किती वेळा झालं असेल?

पुढची गोष्ट जगाला माहीत आहे, फक्त तिच्यातलं नाशिक कुणाला माहीत नाही. १८७२ मध्ये स्टॅन्लीने लिव्हिंग्स्टनकडे मदतीला माणसांची तुकडी पाठवली. तिच्यात शरणपूरचे आणखी काही तरुण होते, जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलेच. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबर एकही गोरा माणूस नव्हता. चुमा, सुसी आणि त्यांच्या साथीदारांनी निर्णय घेतला, देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज आणि आतडी त्यांनी तिथेच झाडाखाली पुरली. प्रार्थना म्हटली जेकब वेनराइटने, झाडावर अक्षरं कोरली त्यानेच. ती अक्षरं तो नाशिकला शिकला होता. मग हजार मैलांहून जास्त अंतर, आठ-नऊ महिने, आजारपण, भूक, वाटेतले संशयी सरदार, हे सगळं झेलत त्यांनी तो देह बागामोयोला आणला.

१८ एप्रिल १८७४ ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्या विधीला हजर असलेला तो त्या तुकडीतला एकटाच, कारण चुमा आणि सुसीला इंग्लंडला आणलं गेलं ते नंतर. जेकबने लिहिलेली रोजनिशी आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. हे फार महत्त्वाचं आहे. गुलामीतून आलेल्या मुलांबद्दल इतरांनी लिहिलेले ढीगभर कागद आहेत. त्यांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं. त्या थोड्यातलं काही नाशिकमध्ये शिकलेल्या हातांचं आहे.

त्याच सुमारास मोठं राजकारण घडलं. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर १८७३ मध्ये झांझिबारला गेला. सुलतान बर्गश आधी बधला नाही. शेवटी जूनमध्ये आरमारी वेढ्याची धमकी मिळाल्यावर त्याने सही केली. समुद्रावरचा गुलामव्यापार पूर्ण बेकायदा झाला, झांझिबारचा बाजार बंद झाला. गुलामगिरी मात्र लगेच संपली नाही. तिची कायदेशीर मान्यता झांझिबारात १८९७ पर्यंत टिकली. बाजार बंद करणं आणि माणूस मोकळा होणं, यात चोवीस वर्षांचं अंतर पडलं.

आता सोडवलेल्या लोकांसाठी आफ्रिकेतच वस्ती हवी, असं ठरलं. मोंबासाजवळ ‘फ्रेअर टाउन’ उभं राहिलं. ते उभारायला गेला नाशिकचाच प्राइस, १८७४ मध्ये. मागोमाग शरणपूरचे शंभराहून जास्त आफ्रिकी तिकडे गेले. शरणपूरचं असायलम संपलं. आफ्रिकेत या लोकांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. पाहा हं, मुंबईत ते आफ्रिकन होते आणि आफ्रिकेत बॉम्बेवाले. दोन्हीकडे बाहेरचेच.

पण ते मुकाट्याने राहणारे लोक नव्हते. शिकलेले होते, कारागीर होते, इंग्रजी येत होती. त्यांनी बरोबरीच्या पगाराची मागणी केली, मिशनऱ्यांशी वाद घातले. मिशनऱ्यांच्या पत्रांत ते ‘गर्विष्ठ’ म्हणून येतात. मला ती तक्रार वाचून बरं वाटतं, खरं सांगतो. ज्याच्यावर उपकार केले त्याने कायम हात जोडून उभं राहावं, ही अपेक्षा त्यांनी मोडली. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन म्हातारा होऊन १९३५ मध्ये मोंबासात वारला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत शरणपूरच्या शाळेची आठवण असलेला माणूस जिवंत होता. मोंबासात फ्रेअर टाउनच्या घंटेवरून त्या भागाला ‘केंगेलेनी’ म्हणतात, घंटेची जागा. गुलाम पकडणारे आले की ती वाजवायची. तिथले लोकही त्या नावावरून रोज ये-जा करत असतील, आपण शरणपूर रोडने करतो तसे.

शेवटचा मुद्दा. हे सगळं आज का सांगायचं? कायदे आता पुष्कळ पुढे गेले आहेत. संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांच्या व्यापारावर बंदी घातली. दंडसंहितेतलं ३७० वं कलम २०१३ मध्ये बदललं आणि आता भारतीय न्याय संहितेत त्याची जागा १४३ व्या कलमाने घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो कराराने एक मोठी गोष्ट स्पष्ट केली : शोषणासाठी मूल नेलं असेल, तर त्याची ‘संमती’ होती की नव्हती हा प्रश्नच गैरलागू आहे. ‘पोरगी राजीखुशीने आली’ हा बचाव चालत नाही. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात तत्त्वं लिहिली आहेत, मुलाचं हित, मुलाची प्रतिष्ठा, कुटुंबात परत जाण्याचा हक्क आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क.

ही शेवटची दोन तत्त्वं वाचली की मला अब्राहम आणि विकातानी आठवतात. आजही धाड पडते, कारखान्यातून, हॉटेलातून, वस्तीतून मुलं बाहेर काढली जातात. वर्तमानपत्रात फोटो येतो, इतक्या मुलांची सुटका. संख्या छापली जाते. पुढे काय? मूल बिहारचं असेल, नेपाळचं असेल, त्याची भाषा समजणारं कुणी त्याच्या समोर बसलं का? घरी पाठवलं, तर त्या घराने त्याला आधी का पाठवलं होतं, हे कुणी विचारलं का? परत गेल्यावर सहा महिन्यांनी ते तिथेच आहे का, हे पाहायला कुणी गेलं का? बालकल्याण समितीतली माणसं, काही पोलीस, काही कार्यकर्ते हे करतात, जीव तोडून करतात. पण बातमी सुटकेच्या दिवशीच संपते, आणि आपलं लक्षही.

प्राइस आणि आयझेनबर्ग यांना मी दोषी ठरवायला आलेलो नाही. त्यांच्या काळात त्या मुलांसाठी छप्पर, जेवण आणि हातात कला देणारी दुसरी जागा फारशी नव्हती. शरणपूर नसतं तर जेकबच्या हाती लेखणी आली नसती. पण शरण देणाऱ्याने शरण आलेल्याला त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, हेही तितकंच खरं. इतिहासाने एवढं आपल्या लक्षात आणून दिलं तरी पुरे.

उद्या शरणपूर रोडने जाल तेव्हा या मुलांची आठवण ठेवा. एवढं बोलून थांबतो.